आघाडी की सीमापृष्ठ? आणि वायुराशीतली ‘रास’

प्रश्न

हवामानावरचा एक मजकूर मराठीत आणतो आहे. ‘फ्रंट’साठी, म्हणजे वेगळ्या गुणाच्या दोन हवांमधल्या सीमेसाठी, आघाडी आणि सीमापृष्ठ असे दोन शब्द सापडले, शिवाय हिंदीतला वाताग्र आहेच. कोणता घेऊ? आणि ‘वायुराशी’ वाचून एकाने विचारलं, हा कुठला गॅस? तिथे ‘हवेचा पट्टा’ लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद

पट्टा नको. पट्टा म्हटलं की लांब आणि अरुंद काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ही हवा हजारो किलोमीटर पसरलेली असते. सायबेरिया, सहारा, उष्ण कटिबंधातले समुद्र अशा एकसारख्या पृष्ठभागावर ती दिवसचे दिवस पडून राहते आणि खालच्या जमिनीचा किंवा पाण्याचा गुण घेते. म्हणून एका पातळीवर कुठेही मोजा, तापमान आणि दमटपणा जवळपास सारखाच. ‘रास’ इथे नेमकी बसते, कारण रास एकाच धान्याची असते, कुठेही मूठ घाला, दाणा तोच. ‘वायू’मुळे गॅसचा घोळ होतो हे खरं, पण तो पहिल्या उल्लेखात ‘हवेची रास, म्हणजे वायुराशी’ असं लिहून मिटतो. पुढे सागरी-खंडीय, ध्रुवीय-उष्णकटिबंधीय ही विशेषणं लावली की ती कुठून आली ते कळतं.

आता फ्रंट. मी आघाडीच्या बाजूचा आहे. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि सहकारी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही कल्पना घडवली. याकोब यांचा सरकत्या आवर्तांच्या, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या, रचनेवरचा लेख १९१९ चा. फ्रंट हा शब्द रूढ झाला तो युद्धातल्या आघाड्यांवरूनच. मराठीतल्या शब्दाचं कूळही तेच, तर तो का सोडायचा? राजकारणातली आघाडी आठवेल ही भीती मला पटत नाही. मागे ‘शीत’ किंवा ‘उष्ण’ लागलं की अर्थ स्पष्ट होतो.

आघाडीचा आणखी एक फायदा म्हणजे तिच्यासोबत पिछाडी येते. आघाडीला नाव मिळतं ते मागून येणाऱ्या हवेचं. पिछाडीला थंड हवा असेल तर शीत आघाडी, उबदार असेल तर उष्ण. नकाशावर निळ्या रेघेवरचे त्रिकोण आणि लाल रेघेवरचे अर्धगोल जिकडे तोंड करून असतात, तिकडे ती सरकते. शीत आघाडी सरकून गेली की पारा उतरतो, वाऱ्याची दिशा बदलते, हवेचा दाब चढू लागतो. ‘हवापालट’ म्हणतो तो अक्षरशः हा.

मग सीमापृष्ठ टाकाऊ का? मुळीच नाही. नकाशावरची रेघ म्हणजे जमिनीवरची कड. त्या कडेपासून वर आकाशात तिरकं चढत गेलेलं जे पृष्ठ, त्याला सीमापृष्ठच म्हणावं. मी दोन्ही वापरतो: सरकते ती आघाडी, तिरकं असतं ते सीमापृष्ठ. उष्ण सीमापृष्ठाचा चढ फार मंद, ढोबळमानाने दोनशेला एक. म्हणजे त्याच्यावरून चढलेल्या हवेचे ढग तुमच्या डोक्यावर ६ किमी उंचीवर दिसतात तेव्हा जमिनीवरची कड अजून १२०० किमी दूर असते. ताशी ४० किमीने आली तरी तीस तास. शीत आघाडीचा चढ कितीतरी उभा, म्हणून तिचे ढग एकदम उंच वाढतात आणि सरी जोरदार पण थोडा वेळ.

हे स्वतः पाहायचं असेल तर चंद्राचं खळं पाहा. आधी पिसांसारखे विरळ ढग, मग पातळ दुधी पडदा, आणि त्यात चंद्राभोवती कडं. हात लांब करून वीत ताणा: अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी साधारण कड्यापाशी येते, कारण ते २२ अंशांवर असतं. पडद्यातल्या षट्कोनी बर्फकणांमधून वळलेला तो प्रकाश. पुढे पडदा जाड होत सूर्य-चंद्र पुसट झाले, तर उष्ण आघाडी जवळ येते आहे असं समजायला हरकत नाही. खळं आणि रास हे शब्द शेतातही शेजारी असतात, आकाशातही शेजारी आले याचा मला फार आनंद वाटतो.

वाताग्र मात्र मी घेणार नाही. ‘अग्र’ म्हणजे टोक, आणि इथे टोक नसतं, दोन राशींमधली सीमा असते.

प्रश्न

पटलं. पण ‘ऑक्लुडेड फ्रंट’चं काय करू? नकाशावर जांभळी रेघ असते ती.

प्रतिसाद

तिथे काय घडतं ते पाहू. शीत आघाडी वेगाने येऊन उष्ण आघाडीला गाठते. मधली उबदार हवा जमिनीवरून सुटते, वर उचलली जाते आणि खाली थंड हवेला थंड हवा भिडते. बर्गनच्याच गटातल्या टोर बर्गेरॉन यांनी ही अवस्था ओळखली. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बंद करणे, मिटणे. दोन आघाड्यांमधली फट पापण्यांसारखी मिटत जाते, म्हणून मी ‘मिटलेली आघाडी’ लिहीन.