माचा चहा कडू लागला, मदत हवी आहे

नमस्कार. वर्षभर सगळीकडून कौतुक ऐकून मोठ्या हौसेने माचाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या बारीक पुडीची, 30 ग्रॅमची डबी मागवली आणि रविवारी पहिल्यांदाच करून पाहिला. पण पहिल्याच घोटाला तोंड कडू झाले, ओल्या गवताचा वास आला आणि कपाच्या तळाशी हिरव्या गुठळ्या राहिल्या. फार वाईट वाटले. जपानमध्ये या चहाची झुडपे तोडणीपूर्वी काही आठवडे सावलीत ठेवतात, त्यामुळे पानांना गोडसर चव येते. ती गोडी मला कुठेच सापडली नाही. मी 2 ग्रॅम पूड उकळत्या पाण्यात टाकून चमच्याने ढवळली होती. पाणी 80 अंशांपर्यंत निवू द्यायला हवे होते का? पूड आधी चाळून घ्यावी का, आणि बांबूची घुसळणी नसल्यास ताकाच्या लहान रवीने फेस येईल का? पुडीचा रंगही हिरवागार नसून पिवळट आहे, म्हणजे ती जुनी असेल का? घरी करणाऱ्यांनी कृपया सांगावे.