अनुभव धागा: गटाचा आराखडा खरोखर गटाचा कधी झाला?

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या गट-कार्यशाळेला आपण ‘शारेट’ म्हणतो. हा फ्रेंच शब्द असून त्याचा मूळ अर्थ गाडी असा आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत मुदत संपताच रेखाटने गोळा करायला गाडी येत असे आणि ती आल्यावरही काहींचे शेवटचे हात फिरवणे चालूच असे, अशी या नावामागची प्रचलित हकीकत आहे. तेथे स्पर्धा एकेकट्याची होती. तरी कनिष्ठ विद्यार्थी ज्येष्ठांची रेखाटने पुरी करण्यासाठी राबत आणि नाव मात्र ज्येष्ठाचे लागे. आज शीटवर पाच-सहा नावे लागतात, पण आराखडा त्या पाच-सहा जणांचा असतो का, हा प्रश्न अशा कार्यशाळा घेताना मला सतत पडत आला आहे. तुमच्या गटात एकाची कल्पना सर्वांची कधी झाली, किंवा का झाली नाही, ते कृपया सविस्तर लिहावे. संस्थांची व व्यक्तींची नावे टाळावीत.

---

मी दुसऱ्या वर्षात असताना आम्हा पाच जणींच्या गटाला एका छोट्या वाचनालयाचा विषय मिळाला होता आणि हातात तीन दिवस होते. पहिला दिवस केवळ बोलण्यात गेला. प्रत्येकीची कल्पना शब्दांत उत्तम होती, त्यामुळे कोणतीच बाद होत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मार्गदर्शक बाईंनी बोलण्यास मनाई केली, प्रत्येकीपुढे जागेच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायला लावला आणि दर दहा मिनिटांनी तो उजवीकडच्या मैत्रिणीकडे सरकवायचा, असा नियम घातला. आलेल्या कागदावर खोडायचे नाही. पटले नाही तर वर नवा कागद ठेवून खालच्यातले हवे तेवढेच गिरवायचे. पन्नास मिनिटांनी माझा कागद माझ्याकडे परत आला तेव्हा मी काढलेली भिंत कोणीच गिरवलेली नव्हती, पण तिच्या शेजारी सहज ओढलेली पायऱ्यांची रेघ मात्र चौघींनीही उचलली होती. मला थोडा राग आला, हे कबूल करते. वाचनालय शेवटी त्या पायऱ्यांभोवतीच उभे राहिले आणि ती रेघ मुळात माझी होती, हे दुपारपर्यंत मीही विसरून गेले होते.

---

आमच्याकडे ट्रेसिंग पेपर नव्हता, लॅपटॉप होता, आणि तोही एकाचाच. त्रिमिती मॉडेल त्याच्या पडद्यावर फिरत असे आणि आम्ही चौघे त्याच्या खुर्चीमागे उभे राहून “थोडे डावीकडे घे” असे सांगत असू. त्याने मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही, पण माउस ज्याच्या हातात त्याच्याच हातात निर्णय राहिला. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याच्या वेळी छेदचित्राविषयी (इमारत उभी कापून आतले दाखवणारे रेखाटन) मला प्रश्न आला आणि माझ्याच नावाच्या इमारतीत छताची उंची किती आहे, हे मला सांगता आले नाही.

---

माझा अनुभव प्रत्यक्ष मापाच्या, म्हणजे १:१ बांधकामाचा आहे. लाकडी पट्ट्या एकमेकींवर टेकवून, मध्ये खांब न देता, छत उभे करायचे होते. या रचनेत प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर टेकते आणि शेवटची पहिलीच्या खाली सरकते. वर्तुळ पुरे होईपर्यंत पहिली पट्टी एका तात्पुरत्या टेकूवर धरून ठेवावी लागते आणि शेवटी तो टेकू काढला की भार सगळ्यांत वाटला जातो. एकही पट्टी निसटली तर सगळ्या खाली येतात. आम्ही तीन गटांनी तीन भाग वेगवेगळे बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी जोडायचे ठरवले. लांबी, खाचा, गाठी सगळे ठरले. पट्ट्या घड्याळाच्या दिशेने फिरवायच्या की उलट, एवढे मात्र कोणी विचारले नाही. अर्थातच एक भाग उलटा निघाला आणि कडेला तो कशातच अडकेना. शिवाय कागदावरच्या रेघेला जाडी नसते, लाकडाला असते. प्रत्येक टेकणीला पट्टी तिच्या जाडीइतकी उचलली जाते, हे आम्हाला रचना हातात डुलू लागल्यावर समजले. रात्री तो भाग सोडवून पुन्हा बांधताना तिन्ही गटांचे हात एकाच जागी होते. कोणता भाग कोणाचा, हा हिशेब तेव्हापासून बंद झाला.

---

वरील अनुभव वाचून १९४८ सालचा, अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमधला प्रसंग आठवला. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी उन्हाळी वर्गात विद्यार्थ्यांना घेऊन खिडक्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंडना वापरतात त्या पातळ पट्ट्यांचा घुमट करायला घेतला होता. तो उभाच राहिला नाही, आणि ‘आडवा पडलेला घुमट’ अशा अर्थाचे नावही त्याला मिळाले. पुढच्या वर्षी वेगळ्या साहित्याने तेथेच घुमट उभा राहिला. आपल्या कार्यशाळांना हे पुढचे वर्ष क्वचितच मिळते, ही माझी तक्रार आहे.

---

शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. गटाने काम वाटून घेतले की मला धास्ती वाटते. एका गटात तळमजला दोघांनी, वरचा मजला दोघांनी केला आणि जिन्यासाठी दोन्ही आराखड्यांत तीन मीटर लांबीची चौकट सोडली. मजल्याची उंची तीन मीटर. पायरीची उंची १५० मिलिमीटर धरली तर २० चढ होतात. मध्ये वळण घेऊन दहा-दहाचे दोन टप्पे केले तरी एका टप्प्याला ३०० मिलिमीटरचे नऊ पाय (पाऊल ठेवायच्या आडव्या जागा), म्हणजे २.७ मीटर लागतात, आणि वळणावरच्या चौथऱ्याला किमान एक मीटर वेगळा, म्हणजे जिना त्या चौकटीत मावतच नव्हता. चढाची दुप्पट अधिक पायाची रुंदी साधारण एका पावलाच्या अंतराएवढी असावी, हा ठोकताळा सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी मांडला होता आणि मुलांना तो तोंडपाठ होता. परंतु जिना कोणाच्याच वाटणीला आलेला नसल्यामुळे तो कोणीच लावून पाहिला नव्हता. दुरुस्तीसाठी चौघांना एका टेबलावर यावे लागले, दोन्ही मजल्यांच्या भिंती हलल्या, आणि माझ्या मते त्या गटाची कार्यशाळा त्या दुपारी सुरू झाली. तेव्हापासून मी गटांना एकच छेदचित्र सर्वांनी मिळून आधी काढायला सांगतो. छेदात मजले वाटून घेता येत नाहीत.

---

आमच्या सहा जणांत मतदान झाले आणि सहा कल्पनांना एकेक मत पडले. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने आपली सोडून दुसऱ्या एकाची कल्पना पाच मिनिटे मांडायची, असे ठरले. माझ्या कल्पनेची बाजू मांडणाऱ्याने ती माझ्यापेक्षा चांगली मांडली, आणि तिच्यातला प्रवेशाचा घोळही त्यानेच दाखवला.

---

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे. माझी कल्पना गटाने सोडली आणि ती अधिक चांगली होती, असे मला आजही, नोकरीची बारा वर्षे झाल्यावरही वाटते. तीन लहान अंगणे वेगवेगळ्या पातळ्यांवर होती. उजेड एकातून दुसऱ्यात उतरणार होता. तिचे १:५० चे, म्हणजे प्रत्यक्ष मापाच्या पन्नासाव्या भागाचे मॉडेल करायला दोन रात्री लागल्या असत्या आणि आमच्याकडे एकच होती. शेवटी जी निवडली ती एक लांब छप्पर असलेली साधी रचना होती, कारण मिलबोर्डचे (जाड पुठ्ठ्याचे) चार तुकडे चिकटवले की ती दिसू लागत असे. मित्रांवर माझा रोष नाही. मीही त्याच कारणासाठी तिला मत दिले. पण कमी मुदतीत एकमत होते तेव्हा ते पुष्कळदा कटरने लवकर कापता येईल अशाच गोष्टीवर होते, हे कार्यशाळा घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, आणि शक्य असेल तर सोडलेल्या कल्पनांचे कागदही ज्युरीपुढे लावू द्यावेत. आमचे त्या संध्याकाळी टेबल आवरताना फेकले गेले.