‘काय कंप्लेंट आहे?’ : हा शब्द तुमच्याकडं कसा चालतो? अनुभव सांगा

मांजराकाठची लेक
काल शेजारची चिमुरडी दारात येऊन म्हणाली, ‘मावशी, तुमच्या बाळ्याची कंप्लेंट हाय.’ आन् एकदम माय आठवली.

मायला लातूरला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय कंप्लेंट आहे आजी?’ माय पदर सावरून म्हणाली, ‘कुनाची काई कंप्लेंट नाई साहेब. दोनी सुना चांगल्या हैत, लेक बी बघतो.’ गुडघा आठ महिन्यांपासून दुखत होता. तिच्या लेखी कंप्लेंट माणसाची असते, पोलिसात द्यायची. धाकटी वहिनी तिथंच बसलेली, तिचे डोळे भरून आले.

तुमच्या घरातलं सांगा.

सिस्टरताई, नांदेड
रोजचं आहे हे. केस पेपरवर आम्ही ‘सी/ओ’ लिहितो, म्हणजे कंप्लेन्स ऑफ. समोरची आजी ‘जीव कसनुसा व्हायलाय’ म्हणते, ते त्या दोन अक्षरांपुढं कसं लिहायचं? मी आता ‘काय होतंय माय?’ एवढंच विचारते. मग सगळं सांगतात. बाळंतपणापासूनचं.

सोयाबीनवाला
2021 चा सप्टेंबर. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, रान सगळं पाण्याखाली. ज्याला त्याला एकच, ‘कंप्लेंट टाकली का?’ पीक विम्याला 72 तासांच्या आत कळवायचं होतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढले, रेंज नाही म्हणून टेकडावर गेलो. बाबा म्हणाले, ‘पावसाची कंप्लेंट? अन् घेनार कोन?’ मला उत्तर देता आलं नाही.

परभणीकर
विमा आला का भाऊ?

निवृत्त मास्तर, उमरी
निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण माझे आजोबा पुढंही ‘शिकायत’, ‘दरखास्त’ असंच बोलायचे. आपली ‘तक्रार’ अरबीतून आलेली, तिथं अर्थ पुन्हा पुन्हा करणं. ‘फिर्याद’ फारसी, मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. म्हणून ‘कंप्लेंट’ बाहेरून आली याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ‘गाऱ्हाणं’ मागं पडल्याचं. गाऱ्हाणं ऐकून घ्यायला समोर माणूस लागतो. कंप्लेंटीला नंबर मिळतो.

उदगीरची सून
मास्तर, शेवटचं अगदी खरं. आमची विजेची डीपी जळाली तेव्हा अकरा दिवस तो नंबरच जपून ठेवला होता.

आन् जातं राहिलंच की. आजीसासू पहाटे दळताना सासरवास ओवीत घालायची. दिवसा तोंडातून ब्र नाही. मी नवी नवरी, अंथरुणात पडून ऐकायचे. गिरणी आली तसं ते बंद झालं. नंतर कुणापाशी बोलायची कुणास ठाऊक.

दोन लेकरांची आई
वर्गात मुलं ‘मॅडम, कंप्लेट हाय!’ म्हणत येतात. मधला न सगळा गिळलेला. आम्ही ‘नाव सांगीन’ म्हणायचो. घाईत लिहिलंय, कुकर लावलाय.

परभणीकर
ताई, गुडघ्याला कुणाला दाखवलं? आईला जिना चढता येईना. व्यक्तिगत निरोपात सांगा.

मांजराकाठची लेक
सांगते भाऊ. पण आधी आईला ‘कुठं कुठं दुखायलंय’ असं हात लावून विचारा. आमच्या मायनं मी पाय चेपायला बसले तेव्हा सांगितलं. फक्त गुडघा नव्हता, कंबरही होती.

उदगीरच्या ताई, ओव्या आठवतात का काही? लिहून ठेवा ना.

सोयाबीनवाला
परभणीकर, आला. दिवाळी झाल्यावर. बाबांनी त्यातून बैलाला झूल आणली.

उदगीरची सून
दोन-तीन आठवायल्यात. चाल धरल्याशिवाय शब्द येत नाहीत. रात्री सगळे झोपले की बसते.