बाहेरचा टाइम-टेंपरेचर बोर्ड दुपारी ८५ डिग्री दाखवतोय, कार्ड बदलू का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, भिंतीवर बाहेर लावलेला एक एलईडी बोर्ड दुरुस्तीला आलाय माझ्याकडे, आलटून पालटून वेळ आणि तापमान दाखवणारा. चार पी१० मॉड्यूल (एलईडीच्या तयार पाट्या), ५ व्होल्टचा एक एसएमपीएस (पॉवर सप्लाय), तापमानाला डीएस१८बी२० सेन्सर आणि घड्याळाला डीएस१३०७ चिप. रात्री एकदम व्यवस्थित चालतो. दुपारी मात्र शेवटची दोन मॉड्यूल फडफडायला लागतात आणि तापमान मधेच ८५ होऊन परत ३६-३७ वर येतं. वर लाइट गेली की घड्याळ पुन्हा सेट करावं लागतं. सेन्सर नवीन टाकून बघितला, तरी ८५ येतच. आता कंट्रोलर कार्डच बदलावं का? येणारे-जाणारे रोज त्या बोर्डवर टाइम बघतात म्हणून चुकीचा आकडा दिसला की मलाच कसंतरी होतं.

प्रतिसाद १:
दादा कार्डला इतक्यात हात लावू नका. तो ८५ आकडाच सगळं सांगतोय. डीएस१८बी२० ला पॉवर मिळाली की त्याच्या रजिस्टरमधे (आकडा साठवायच्या जागेत) आधीच ८५ भरलेलं असतं, आणि पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत (सगळ्यात बारीक, म्हणजे १२ बिट मोजमापाला ७५० मिलिसेकंदापर्यंत लागतात) वाचलं की तेच मिळतं. म्हणजे सेन्सर बोलतोय, पण त्याची पॉवर मधेच पडतेय. वायर तुटली असती तर आर्डुइनो कार्डाच्या नेहमीच्या लायब्ररीत (तयार प्रोग्रामात) -१२७ आलं असतं.
आणि हे दुपारीच का होतं? उजेडाप्रमाणे ब्राइटनेस कमीजास्त होत असेल तर दुपारी एलईडी फुल चालतात, करंट तेव्हाच सगळ्यात जास्त. त्यामुळे मीटर एसएमपीएसच्या टर्मिनलवर लावून समाधान मानू नका, फुल ब्राइटनेसला शेवटच्या मॉड्यूलच्या टर्मिनलवर लावा. आणि सेन्सर दोन वायरवर जोडलाय की तीन? दोनवर असेल तर तो पॉवर पण डेटाच्या वायरमधूनच घेतो.

प्रतिसाद २:
एसएमपीएस उघडून कपॅसिटर पण बघा, डोकं फुगलेलं दिसलं की बदलायचेच. बंद डब्यात ऊन खाऊन ते लवकर सुकतात, साधारण १० डिग्री वाढली की आयुष्य निम्मं. टाकताना १०५ डिग्रीवाले लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) टाका. पण एक कळकळीने सांगतो, २३० व्होल्टच्या सप्लायमधे प्रायमरीच्या (२३० व्होल्टकडच्या बाजूच्या) मोठ्या कपॅसिटरवर ३२५ च्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही टिकू शकतं. रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरने खात्री करा, मगच बोट घाला.

प्रश्नकर्ता:
मोजलं. एसएमपीएसवर ४.९ आणि शेवटच्या मॉड्यूलवर ३.९!! एकच बारीक वायर एकातून दुसऱ्यात अशी चारही मॉड्यूलला फिरवलेली होती आणि लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) हिरवे पडलेले. प्रत्येक मॉड्यूलला एसएमपीएसपासून वेगळी जाड वायर दिली, आता शेवटी पण ४.८ मिळतात, फडफड गेली. कपॅसिटर ठीक निघाले. सेन्सर दोन वायरवरच होता, तिसरी ५ व्होल्टची ओढली आणि डेटाला ४.७ के चा पुल-अप (डेटाची वायर ५ व्होल्टला जोडणारा रेझिस्टर) ठेवला, दोन दिवस झाले ८५ एकदाही नाही. घड्याळाचा सेल ३ च्या जागी १.४ व्होल्ट दाखवत होता, तो पण बदलला. आता एकच राहिलं, दुपारी तापमान ५-६ डिग्री जास्त दाखवतो.

प्रतिसाद ३:
सेन्सर डब्याच्या आतच असेल ना? मग तो हवेचं नाही, डब्याचं तापमान सांगतोय. त्याला बाहेर सावलीत काढा, भिंतीपासून थोडा लांब, आणि वर पांढऱ्या ताटल्यांची उतरंड, मधून हवा खेळेल अशी. हे केल्याशिवाय कितीही चांगला सेन्सर आणलात तरी आकडा खरा येणार नाही.
घड्याळ पण मागे पडत असणार. डीएस१३०७ चा ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ डिग्रीपासून लांब गेला की हळू होतो, डबा ६० ला तापला तर त्या वेगाने दिवसाला साडेतीन सेकंदांच्या आसपास जातात. डीएस३२३१ टाका, तो तापमान बघून स्वतःला सुधारतो, पत्ता (कार्ड ज्या नंबरने चिपला हाक मारतं तो) आणि वेळेचे रजिस्टर तेच आहेत त्यामुळे प्रोग्राम बहुतेक तसाच चालेल. फक्त तयार मॉड्यूल घेतलंत तर बघून घ्या, काहींवर चार्जिंगचा रेझिस्टर असतो, साधा, चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल टाकणार असाल तर तो काढून टाका.
आणि लग हिरवे पडलेत म्हणजे आत पाणी जातंय. पाणी बाहेर जायचं तळाचं भोक कोणी सिलिकॉनने बुजवलंय का बघा.

प्रश्नकर्ता:
बुजवलंच होतं. सिलिकॉन खरवडून काढलं तर वाटीभर पाणी निघालं. भोक मोकळं ठेवलंय, आता सेन्सर बाहेर काढायला घेतो.