भरपाई योजना चालवणाऱ्याने आधी काय मोजावं: दिवस की चुका?

सायंतारा (धागा)

पीडितांसाठीच्या सरकारी भरपाई योजनांवर बोलताना रक्कम किती आणि पात्र कोण, यातच सगळा वेळ जातो. योजना प्रत्यक्ष चालवणाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. अर्ज स्वीकृती, छाननी, पडताळणी, मंजुरी आणि खात्यात रक्कम जमा, या सगळ्या साखळीचा प्रमुख तो असतो. माझ्या मते कायद्यात लिहिलेला पैसा माणसापर्यंत पोहोचतो की वाटेत अडकतो, हे बरंचसं त्याच्या हातात असतं. त्याने रोज एकच आकडा बघावा: अर्ज आल्यापासून पहिला पैसा हाती पडेपर्यंत किती दिवस गेले.

ब्रिटनची विंडरश योजना बघा. कॅरिबियन आणि इतर राष्ट्रकुल देशांतून कायदेशीरपणे येऊन उभं आयुष्य तिथे काढलेल्या लोकांना सरकारनेच बेकायदा ठरवलं होतं. कोणाची नोकरी गेली, कोणाचं घर, काहींना देशाबाहेर काढलं. त्यांच्यासाठी एप्रिल २०१९ मध्ये योजना उघडली. योजना चालवणाऱ्या गृह खात्याच्या स्वतःच्या अंदाजानुसार १२५ छाननी कर्मचारी लागणार होते. सुरुवातीला होते सहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला, तोवर २३ जण पैसे न मिळताच वारले होते. नियमांतही दोष होते, मान्य. पण सहा माणसांवर दार उघडणं हा नियमाचा दोष नाही.

दुसरं म्हणजे पुरावा शोधायचं ओझं कार्यालयाने उचलावं. नाझी काळात वेठबिगारी करायला लावलेल्यांसाठी जर्मनीने २००० साली एक प्रतिष्ठान स्थापन केलं. अर्जदार म्हातारे झालेले, अर्धी कागदपत्रं युद्धात जळालेली. तिथे नियमच असा होता की कागद नसेल तर दावा दुसऱ्या मार्गाने विश्वासार्ह वाटला तरी चालेल, आणि जुन्या नोंदी अभिलेखागारांतून शोधून आणल्या गेल्या. २००७ पर्यंत सुमारे १६ लाख ६० हजार लोकांना ४४० कोटी युरो मिळाले. पन्नास-साठ वर्षं जुन्या अन्यायाच्या बाबतीत हे जमतं, तर कालपरवाच्या अन्यायाच्या बाबतीत का जमू नये?

काठावरचा

तळमळ पटते, आकडा पटत नाही. मी एका भरपाई कार्यालयात बरीच वर्षं छाननी केली आहे (नाव देत नाही). दिवस मोजायला लागलात की कार्यालय दिवस कमी दाखवायला शिकतं. सोपा मार्ग म्हणजे त्रुटीपत्र. एखादा दाखला नाही म्हणून अर्ज परत पाठवायचा, की घड्याळ थांबलं. तो परत आला की पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. दुसरा मार्ग म्हणजे सोप्या फायली आधी काढायच्या. सरासरी झकास दिसते आणि ज्याचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं, म्हणजे बहुधा ज्याचं नुकसान सगळ्यात मोठं, तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. वरून आकडा मागितला जातो, खालून तो तयार होतो.

आणि निधी अनंत नसतो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर विषारी धुळीने आजारी पडलेल्यांसाठी अमेरिकेत जो निधी पुन्हा उघडला, त्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये पैसे कमी पडायला लागले. आधीच आलेल्या प्रलंबित अर्जांवर ५० टक्के आणि त्यानंतरच्या अर्जांवर ७० टक्के कपात जाहीर झाली. आजार तोच, निधी तोच, पण उशिरा निदान झालेल्याला कमी रक्कम. तिथे कोणी घाईने चुकीचे पैसे वाटले असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की ठरलेल्या निधीतून चुकीच्या माणसाला गेलेला रुपया मागे उभ्या असलेल्याच्या ताटातून जातो. म्हणून प्रमुखाच्या खुर्चीत पुरावा जाणणारा माणूस हवा. वेग त्याला शिकवता येतो.

पाऊलवाट

दोघांनी गृहीत धरलंय की प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तोलायलाच हवा. का हवा? इराकने कुवेतवर केलेल्या आक्रमणानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये भरपाई आयोग नेमला. त्याच्याकडे सुमारे २७ लाख दावे आले. एकेक फाइल उघडत बसले असते तर आजही संपले नसते. मग काय केलं? सामान्य माणसांचे दावे कंपन्या आणि सरकारांच्या आधी घेतले. ज्यांना देश सोडून पळावं लागलं त्यांना ठराविक रक्कम दिली, एका माणसाला अडीच हजार डॉलर, कुटुंबाला पाच हजार. प्रवासाच्या नोंदींशी संगणकावर जुळणी केली आणि काही प्रकारच्या दाव्यांसाठी नमुना पद्धत वापरली, म्हणजे थोडे दावे नीट तपासून त्यावरून बाकीचे ठरवले. कुवेतला शेवटचा हप्ता २०२२ मध्ये गेला, पण तोपर्यंत सामान्य माणसांचे दावे कधीच निकाली निघाले होते.

११ सप्टेंबरचा पहिला निधी केनेथ फाइनबर्ग या अमेरिकी वकिलांनी चालवला. मृताचं उत्पन्न धरून रक्कम ठरत असल्यामुळे कोणाच्या घरी अडीच लाख डॉलर गेले, कोणाच्या घरी सत्तर लाखांच्या वर. आग विझवायला गेलेल्याची पत्नी विचारते की शेजारच्या बँकवाल्याचा जीव जास्त किमतीचा होता का, तर काय उत्तर देणार? पुढे फाइनबर्ग यांनीच म्हटलं की पुन्हा असा निधी काढला तर सगळ्यांना सारखी रक्कम द्यावी. ज्याने हजारो अर्ज तोलले त्याचं हे मत आहे.

उभा_आडवा

पाऊलवाट, ठरलेली रक्कम ऐकायला समतेची वाटते. भोपाळमध्ये काय झालं ते आठवा. १९८९ ला ४७ कोटी डॉलरमध्ये तडजोड झाली. इजा झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती प्रत्येकी २५ हजार रुपये पडले, तेही आधी दिलेली महिना २०० रुपयांची अंतरिम मदत वजा करून. कायमची फुप्फुसं गेलेला आणि काही दिवस खोकलेला, अनेकदा एकाच खान्यात. ही सरसकट पद्धत कागदावर झटपट, पण ज्याला जन्मभर औषध घ्यायचंय त्याच्यासाठी क्रूर.

मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या तेलगळतीनंतरही तेच. पैसा सरकारचा नव्हता, तेल कंपनीचा होता, पण यंत्रणा या चर्चेशी जुळते. पाच हजार डॉलर लगेच घ्या, जास्त पुरावा नको, फक्त यापुढे दावा करणार नाही अशी सही करा. ज्याची होडी किनाऱ्याला बांधून पडली आहे, हप्ते थकले आहेत, तो सही करणारच. त्याला निवड म्हणायचं? आणि दरपत्रक एकदा छापलं की ते गोठतं. ब्रिटनमध्ये गुन्ह्यांच्या पीडितांसाठीच्या योजनेत इजांचे दर २०१२ पासून महागाईप्रमाणे वाढलेले नाहीत.

रानजाई

मी टेबलाच्या पलीकडून, अर्जदाराच्या बाजूने लिहिते आहे. माझ्या मावशीने एका योजनेत अर्ज केला होता, कुठली ते सांगायचं नाही. तीन वर्षांत चार वेगवेगळ्या लोकांना तिने तीच हकिगत सांगितली. दर वेळी नवा अधिकारी, आणि सुरुवात त्याच प्रश्नाने: "नेमकं काय झालं ते सांगा." दर वेळी ती दोन दिवस जेवत नसे. तुमच्या दिवसांच्या हिशोबात हे कुठे बसतं? चुकांच्या हिशोबात तरी?

उपचारात दूषित रक्त दिलं गेलेल्यांच्या भरपाईसाठी ब्रिटनमध्ये जे प्राधिकरण आलं, तिथे प्रत्येकाला एकच दावा व्यवस्थापक देतात, शेवटपर्यंत तोच. हे मला फार मोलाचं वाटतं. पण सुरुवातीला मोजक्याच लोकांना बोलावून हळूहळू पुढे जायचं ठरलं, आणि बाकीचे बोलावण्याची वाट बघत राहिले. दूषित रक्त प्रकरणाच्या चौकशी आयोगानेही त्यावर ताशेरे ओढले. रक्तातून हेपॅटायटीस किंवा एचआयव्ही झालेल्या माणसाला रांगेत आपला नंबर कितवा, हेही कळत नसेल तर चांगला व्यवस्थापक मिळेपर्यंत तो टिकेल का?

सायंतारा

काठावरचा, त्रुटीपत्राचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग मी आकडा बदलते: पहिल्या अर्जापासून मोजायचं, त्रुटीपत्र गेलं तरी घड्याळ चालूच. सरासरी नको, सगळ्यात जुन्या शंभर फायलींचं वय रोज टेबलावर हवं. तळ दिसला पाहिजे.

निधी संपण्याची भीती मात्र मला अर्धीच मान्य आहे. अमेरिकेतल्या त्या कपातीनंतर काही महिन्यांतच संसदेने कायदा करून पैसे वाढवले, आणि ते वाढले कारण निधी चालवणाऱ्यांनी तूट उघडपणे मांडली. भोपाळमध्ये उलटं घडलं. व्याज आणि रुपयाची घसरण यांमुळे रक्कम फुगत गेली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की शिल्लक सुमारे १५०० कोटी रुपये त्याच पीडितांना वाटा. तडजोडीला पंधरा वर्षं झाली होती! जपून ठेवलेला पैसाही चूकच असते, फक्त ती लेखापरीक्षणात दिसत नाही.

उभा_आडवा, दोन हप्त्यांचं काय? जर्मन प्रतिष्ठानाने तेच केलं: आधी एक भाग, आणि एकूण दावे किती ते कळल्यावर उरलेला. त्यात माझी एक भर: पहिल्या हप्त्यावर हक्क सोडल्याची सही घ्यायची नाही. त्या प्रतिष्ठानाची आणखी एक तरतूद मला फार आवडते. फेब्रुवारी १९९९ मधली एक तारीख ठरवली होती; त्यानंतर अर्जदार वारला तरी वारसांना पैसे मिळत. म्हणजे उशीर झाला म्हणून देणाऱ्याचे पैसे वाचत नाहीत.

उभा_आडवा

दोन हप्ते चालतील, पण दुसऱ्यात इजेची प्रत खरोखर तपासली गेली तर. नाहीतर पहिला हप्ता हीच भरपाई होऊन बसते.

काठावरचा

तळाच्या शंभर फायली, हे मान्य. प्रमुखाने स्वतः उघडाव्यात, अहवाल मागवू नये. खुर्चीत कोण हवा याबद्दल माझं मत तेच आहे. पुरावा कळत नसलेला माणूस दबावाखाली दोनच गोष्टी करतो, सगळं मंजूर किंवा सगळं परत. ज्याला पुरावा कळतो त्यालाच कुठला कागद सोडून देता येतो हे कळतं.

रानजाई ताई, तुमच्या मावशीचं पुढे काय झालं?

रानजाई

मंजुरी आली. ती गेल्यानंतर पाच महिन्यांनी, तिच्याच नावाने. सोबत रकमेसाठी हयातीचा दाखला जोडा असं पत्र.

काठावरचा

अशी पत्रं आमच्याकडूनही गेली आहेत. यंत्रणेतून आपोआप निघायची, खाली माझं नाव छापलेलं असायचं. मृत्यूच्या नोंदी दुसऱ्या खात्यात होत्या, त्या जुळवायला आम्ही कधी मागितल्याच नाहीत. ते काम माझ्या आकड्यात बसत नव्हतं, आणि सायंतारा यांच्याही आकड्यात बसणार नाही.