काशाची वाटी, सातशे रुपये आणि आईची साखर

दौलतगंजकर
ग्वाल्हेरच्या मंडळींना विचारायचंय, बाहेरच्यांनीही बोलावं. आई 71 वर्षांची. गेले तीन महिने दर गुरुवारी इथल्या लश्कर भागातच एका ठिकाणी 'नाद-उपचारा'ला जाते. गादीवर आडवं व्हायचं, डोळ्यांवर पट्टी, आणि एक बाई काशाच्या वाट्या, घंटा आणि एक भलीमोठी थाळी वाजवत सगळ्यांभोवती फिरतात. एका खेपेचे सातशे रुपये. आई परत येते ती अगदी टवटवीत होऊन, म्हणून मी गप्प होतो.

मागच्या आठवड्यात कळलं की तिने साखरेची रात्रीची गोळी बंद केलीय. "पेशींना त्यांची मूळ कंपनं मिळाली की औषधं आपोआप सुटतात," असं तिला तिथे सांगितलं. उपाशीपोटी तपासली तर 212.

लोकांना निजवा, शांत करा, पैसेही घ्या. पण त्याला उपचार म्हणू नका. मधुमेह बरा करतो अशी औषधाची किंवा मंत्रतंत्राची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. वैदूने तंबूत बसून असं सांगितलं तर तो भोंदू, आणि सुगंधी खोलीत सांगितलं तर हीलर?

रातजागी
एका बाईंच्या आगाऊपणाची शिक्षा सगळ्यांना का? मी मुरारला राहते, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, तेव्हा भोळीभाबडी म्हणू नका. चार वर्षं रात्री दोनला उठून छताकडे बघत पडायची. झोपेच्या गोळीने सकाळी डोकं जड. मैत्रिणीने ओढून नेलं. त्यांनी वाटी छातीवर ठेवून टोला दिला. आवाज कानांना नंतर आला, आधी बरगड्यांतून पाठीपर्यंत सरसर काहीतरी गेलं. आणि मी चक्क घोरले! आता आठवड्यातून चार रात्री तरी नीट झोप लागते. गुण आला तर आला म्हणायचं नाही का?

शिवाय अभ्यासही झालाय. अमेरिकेत 62 जणांवर केलेला, 2016 मध्ये छापून आलेला. वाट्यांच्या सत्रानंतर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं त्यात आहे.

फिजिओताई
तो अभ्यास मी वाचलाय. त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्याच खोलीत, त्याच अंधारात तेवढाच वेळ काही न वाजवता झोपवलेली माणसं हवी होती ना? फोन बाहेर ठेवून, अंगावर पांघरूण घेऊन आपण एरवी कधी पडतो? त्यातलं वाटीचं किती आणि नुसत्या पडून राहण्याचं किती, ते कसं वेगळं काढणार?

आणि 'कंपनाने शरीर बरं होतं, डॉक्टरही तेच करतात' हे माझ्याकडे येणारे पेशंट रोज ऐकवतात. हो, करतात. मूतखडा बाहेरून धक्कालहरींनी फोडायला 1980 मध्ये म्युनिकला सुरुवात झाली. माझ्या टेबलावरचं अल्ट्रासाउंडचं यंत्र 1 आणि 3 मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला दहा लाख आणि तीस लाख कंपनं. ते ऐकू येत नाही, जेल लावल्याशिवाय कातडीत नीट शिरत नाही, आणि किती मिनिटं, किती जोर हे ठरलेलं असतं. जास्त झालं तर भाजतं. वाटीचा सूर सेकंदाला काही शे कंपनांचा. दोन्हीला कंपन म्हणतात खरं, पण चिमणीही उडते आणि विमानही उडतं.

मुरारकर
ज्या तानसेनाने दीपक राग गाऊन दिवे लावले त्याच्या गावात ही चर्चा? धन्य.

काळी पाच
मुरारकर, दिवे लागले ते गोष्टीत. तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला मीही खाल्लाय, गळा सुधारतो म्हणून आईने हजिऱ्याला नेऊन खाऊ घातला होता. दात आंबले. गळा सुधारला तो पुढे अकरा वर्षं पहाटे खर्जाचे, म्हणजे खालचे, सूर लावून.

मला त्या 432 हर्ट्झवाल्यांची जास्त चीड येते. म्हणे 432 हा निसर्गाचा सूर आणि 440 मुळे माणूस आजारी पडतो. पेटीवरच्या पांढरी सहाचा सूर 440 धरायचा हे 1939 च्या लंडनच्या परिषदेत सुचवलं गेलं, वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून. दोन्हींत फरक अर्ध्या सुराचा जेमतेम एक तृतीयांश. आपल्याकडे तर षड्ज, म्हणजे सा, ठरलेलाच नाही! मी काळी पाचला गाते, भाऊ काळी एकला. तंबोरा गळ्याप्रमाणे लावायचा, आणि हिवाळ्यात तास-दीड तासात तो परत उतरतो. आमच्या घराण्यातली सगळी माणसं इतकी वर्षं कुठल्या 'चुकीच्या' सुरात आजारी पडत होती ते त्यांनी सांगावं.

तरी रातजागींचं छातीतलं सरसरणं खोटं नाही. चार तारा जुळलेल्या तंबोऱ्याला पाठ टेकून बसून पाहा. वाटीचा तो वूं-वूं हेलकावाही खराच असतो. हाताने ठोकलेली वाटी पुरती गोल नसते, म्हणून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन सूर निघतात आणि ते एकमेकांशी भांडतात. घरची काशाची वाटी तळहातावर ठेवून लाकडी पळीने हळू टोला मारा, मग कळेल. सातशे वाचतील.

बडोद्याची सून
काशाची वाटी म्हटल्यावर आजी आठवली. तूप लावून तळपाय घासायची. पाय काळे झाले की म्हणायची, "बघ किती उष्णता निघाली." तो काळेपणा वाटीच्या धातूचा, हे मला फार नंतर कळलं. पण झोप मात्र अशी लागायची! आणि आजी पैसे घेत नसे.

रातजागी
म्हणजे आजीची वाटी चालते, बाईंची चालत नाही? फुकट असलं की संस्कृती आणि पैसे घेतले की ठगी, हा न्याय मला कळत नाही. त्या बाई भाडं देतात, दोन तास राबतात. मला बऱ्या होण्याचं प्रमाणपत्र नकोय, झोप हवीय. दौलतगंजकरांच्या आईंची गोळी बंद करायला लावणं चूकच, त्यावर माझा वाद नाही. पण 'उपचार नाही' म्हणताना तुम्ही 'काहीच नाही' असं म्हणून मोकळे होताय.

कंपूवाला
इथे मी रातजागींच्या बाजूने. वडिलांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'पाणी' म्हणता येईना, रागाने ताट ढकलायचे. गणपतीत शेजारी आरती सुरू झाली आणि हे खाटेवरून शब्दासकट म्हणायला लागले! आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला वाटलं चमत्कार. डॉक्टरांनी सांगितलं, अशा पेशंटमध्ये हे दिसतं. बोलण्याचा भाग बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, गाण्याला उजवीही हातभार लावते. सुरातून बोलणं शिकवायची पद्धत 1973 पासून आहे. मग वाणीचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी आठ महिने डाव्या हाताने ठेका धरायला लावून "पा-णी द्या" असं दोन सुरांत गाऊन घेतलं. आज ते पाणी मागतात, शिव्याही देतात. हा नाद-उपचार नाही तर काय?

फिजिओताई
आहे ना! पण त्यात कुणी 'तुमची कंपनं बिघडलीत' म्हणालं नाही. कुठला भाग गेलाय ते बघून, रोज मोजत काम केलं. आणि रातजागी, एक तुमच्या पारड्यात टाकते. नुसत्या गुणगुणण्याने नाकातला नायट्रिक ऑक्साइड वायू साध्या उच्छ्वासाच्या पंधरा पट निघतो, असं स्वीडनच्या संशोधकांनी 2002 मध्ये मोजलंय. त्याने अमुक रोग बरा होतो असं मात्र त्यावरून कुणी म्हणू नये. पण भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्यात, उच्छ्वास लांबतो आणि जीव निवतो, हे मी पेशंटना स्वतः शिकवते. फक्त ती मोठी थाळी कानाशी वाजवू देऊ नका. कानात आधीच घूं होत असेल त्यांनी तर मुळीच नाही.

मुरारकर
म्हणजे शेवटी नाद आहेच. मी काय वेगळं म्हणत होतो?

काळी पाच
तुम्ही दिवे म्हणत होता.

दौलतगंजकर
कंपूवाला, तुमच्या वडिलांचं वाचून थांबलो. 'उपचार म्हणूच नका' हे मी सरसकट बोललो, ते मागे घेतो. रोगाचं नाव घेतलं की मोजून दाखवा, एवढं ठेवतो.

काल आईबरोबर गेलो होतो. बाई म्हणाल्या, "मी तसं बोललेच नाही, आणि भिंतीवर कुठे लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. पण त्या कायद्यात तोंडी घोषणाही जाहिरातच धरली आहे, शिवाय 'प्रकाश, ध्वनी किंवा धूर' यांनी केलेलीसुद्धा. हे वाचून दाखवल्यावर त्या खोलीतल्या धूपाकडे बघून आईच हसली.

गोळी सुरू झालीय, आज 148. गुरुवार तिने सोडलेला नाही. मी विचारलं, इतकं काय आहे तिथे? म्हणाली, "अरे, पट्टी काढल्यावर आम्ही सहाजणी चहा पितो."