करंट मारते, करंट लागला, चिकटला

नागपुरात एप्रिल लागला की घरोघरी एकच ताकीद ऐकू येते: "कूलरले हात नको लावू, करंट मारते!" माणसाबद्दल मात्र आपण 'करंट लागला' म्हणतो आणि हात सुटलाच नाही तर 'चिकटला'. पुण्याची मामेबहीण 'शॉक बसला' यावरच सगळं भागवते. या शब्दांत खरंच फरक आहे का?

—

आहे, आणि चांगला आहे. 'मारते' ही त्या वस्तूची खोड झाली. पत्रा, नळ, फ्रिजचं दार, काहीही करंट मारू शकतं. 'लागला' हे माणसाच्या वाट्याला आलेलं.

'चिकटला' हा शब्द मात्र जपून समजून घ्यावा असा आहे. वीज चुंबकासारखी माणसाला ओढून धरते असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. मेंदूकडून स्नायूंना जाणारा हुकूमही विजेचाच असतो, पण एका व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा. त्यावर घरातली 230 व्होल्टची, सेकंदाला 50 आवर्तनांची वीज चढली की आतला हुकूम चालेनासा होतो. हातातून साधारण 10 ते 15 मिलिअँपिअर करंट गेला तरी मूठ आवळली जाते, कारण बोटं मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांहून जोरकस असतात. म्हणजे धरून ठेवते ती त्याचीच मूठ. "अरे सोड, सोड" ओरडून उपयोग नाही, त्याला सोडताच येत नाही. त्याला हात न लावता आधी बटण किंवा मेन स्विच बंद करायचा.

कूलरपाशी तर हात ओले, पाय ओल्या फरशीवर. भिजलेल्या कातडीचा विरोध फार घटतो. म्हणून टाकीत पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. हे प्रत्येक उन्हाळ्यात सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

—

दवाखान्यात 'पेशंटला शॉक दिला' म्हणतात, तो हाच का?

—

वीजच ती, पण मोजून दिलेली. हृदयाचे ठोकेही विजेच्या लहरीवर पडतात. ईसीजीत दिसते ती हीच लहर. ती विस्कटून हृदय नुसतं थरथरू लागलं, तर एक जोरदार झटका देऊन सगळे स्नायू एकदम थांबवतात, म्हणजे मूळ लय परत धरता येते. घरातल्या करंटनं जीव जातो तोही बहुतेकदा याच थरथरीनं. तिथे 'लागला' आणि इथे 'दिला', क्रियापदानंच फरक कळतो. मामेबहिणीचा 'बसला' मी वाईट बातमीसाठीच वापरतो.